नर्सबाईंचा नकाशा

पाळक म्हणून माझी पहिली नेमणूक झाली ती बोईसर आणि समुद्र यांच्या मधल्या एका गावात. तिथल्या मंडळीत, आपल्याला देवापेक्षा थोडं जास्त कळतं असं वाटणारी चार माणसं होती. त्यांतला एक मी. दुसरे प्राथमिक शाळेचे हेडमास्तर, ज्यांना सगळे नुसतं गुरुजी म्हणत. तिसरे लाकडाच्या वखारीचे मालक. आणि चौथ्या नर्सबाई. आम्हा तिघांना तसं नुसतं वाटत होतं. बाईंच्या बाबतीत ते बहुधा खरं असावं.

बाई मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्या होत्या. जन्म वाणगावकडच्या एका शेतकऱ्याच्या घरातला. आईबाप लवकर गेले, म्हणून बोर्डिंगात वाढल्या, नर्सिंग शिकल्या, लग्न केलं नाही आणि चाळीस वर्षं बाळंतपणं केली. उमरोळीपासून एडवणपर्यंत, पायी, बैलगाडीतून, कधी कोळ्यांच्या होडीतून. त्यामुळे त्या पट्ट्यातला जवळजवळ प्रत्येक मोठा माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो नागडा आणि बोंबलत. पुढे तो सरपंच झाला, मास्तर झाला, वखारवाला झाला, तरी बाईंच्या डोळ्यांसमोरचं ते चित्र काही बदललं नाही.

वखारवाले एकदा मंडळीच्या पंचांच्या बैठकीत जरा मोठ्या आवाजात बोलले. बाई शांतपणे म्हणाल्या, "तू पायाळू. जगात आलास तोच आमाला ढुंगण दाखवत. तवापासून तुझी सवय गेली नाय."

वखारवाले तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांच्या हाताखाली बारा माणसं होती. ते खाली बसले.

दिसायला बाई बुटक्या आणि रुंद. पांढरं पातळ, पायात पुरुषी वहाणा, काखेत काळी छत्री, आणि छातीवर नर्सचं ते उलटं टांगलेलं घड्याळ. नोकरी संपली तरी घड्याळ राहिलं होतं. मी नगरकडून नवा आलेला, सेमिनरीत उपदेशाचं बक्षीस मिळवलेला. पहिल्या रविवारी मी ठरवलं होतं की या लोकांना उपदेश म्हणजे काय ते एकदा कळू द्यावं. वीस मिनिटं झाली तशा बाई मागच्या बाकावरून उठल्या आणि देवळाच्या खिडक्या लावायला लागल्या. (आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात.) एक खिडकी, दुसरी, तिसरी. मला वाटलं वारा येत असेल. पाचव्या खिडकीला देवळात इतका अंधार झाला की मला माझे कागद वाचता येईनात, आणि मी आमेन म्हटलं.

बाहेर पडताना त्यांनी माझा हात हातात घेतला. "बोलता चांगलं," त्या म्हणाल्या. "पण वीस मिनटं. जोर लागल्यावर वीस मिनटांत डोकं दिसलं नाय तर मी डॉक्टरला बोलवायची. तुमचे तर पायसुदा दिसत नव्हते."

प्रार्थनेच्या वेळी त्या डोळे मिटत नसत. सगळी मंडळी माना खाली घालून बसलेली आणि या आपल्या टकामका बघतायत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मी डोळं मिटलं की पेशंट जातो. देवाचं काय, त्याला कुठं पळायचं हाय?"

त्यांच्या घरी पहिल्यांदा भेटीला गेलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि बाई अंगणात मडकं आणि पेला घेऊन बसल्या होत्या. दारूबंदीचे दिवस होते आणि मी पाळक. मी मडक्याकडे बघायचं नाही असं ठरवून आंब्याच्या झाडाकडे बघत राहिलो. बाईंनी पेला माझ्यापुढे केला. "घ्या. सकाळची हाय. सकाळची ती नीरा, दुपारची ती ताडी, नि संध्याकाळची ते पाप. तुमी वेळेवर आलात."

मी प्यायलो. बायकोला सांगितलं नाही. तिला संध्याकाळपर्यंत गावातल्या तीन बायकांनी सांगितलं होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिची सुरुवात माझ्याच मूर्खपणातून झाली.

आमच्या देवळात एक विचित्र प्रकार होता. उपासना शेवटाला आली की बायकांच्या बाजूचे बाक रिकामे होऊ लागत. शेवटचं गीत सुरू झालं की एक उठे, तिच्यामागून दुसरी, आणि मी आशीर्वादासाठी हात वर करीपर्यंत निम्म्या बायका गायब. मला ते फार लागलं. एका रविवारी मी त्यावरच उपदेश दिला. प्रभूसोबत एक घटकाही जागता न आलेल्या शिष्यांचा दाखला घेतला. भगिनींना काय एवढी घाई असते, कुठल्या चुलीवर काय करपतं, असं जरा झोंबेल असं बोललो. शेवटी आवाज चढवून विचारलं, "आशीर्वाद न घेता तुम्ही जाता तरी कुठे?"

तो प्रश्न उत्तर मिळावं म्हणून विचारलेला नव्हता. पण मागून उत्तर आलं.

"मुतायला," नर्सबाई म्हणाल्या.

 पुरुषांच्या बाजूला गुरुजींनी गीतांचं पुस्तक तोंडासमोर धरलं. बाई उभ्या राहिल्या आणि अगदी साध्या आवाजात, पेशंटची हकिगत सांगावी तशा बोलल्या. "पाळकसाहेब, ह्या बाया दोन दोन कोस चालून येतात. तुमी बाप्ये चिंचेमागं जाता. ह्यांनी कुठं जायचं? सगळ्या बाजूंनी रस्ता, शेतं, नि शेतात कापणीनंतर आडोसा नाय. दोन तास दम धरतात, मग नाय धरवत. तुमचा आशीर्वाद होईस्तोवर जीव जातो त्यांचा."

आणि खाली बसल्या. मी आशीर्वाद दिला. त्या दिवशी एकही बाई आधी उठली नाही. बहुतेक लाजेने. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

याच सुमारास आमच्या वरच्या मंडळाचं पत्र आलं. तारापूरकडे समुद्राकाठी वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं. साताऱ्याचे, नागपूरचे, दक्षिणेतले लोक कामावर येत होते, बोईसरच्या बाजारात हिंदी ऐकू यायला लागली होती. मंडळाला वाटलं, आता या भागात माणसं वाढणार. तेव्हा प्रत्येक देवळाने आपली आजची सेवा काय आणि उद्याची काय असेल याचा विचार करावा, आणि इमारतीत काय सुधारणा हव्यात त्याचा आराखडा पाठवावा. चांगल्या आराखड्याला मंडळाची मदत मिळणार होती.

पत्र वाचताच मला डोळ्यांसमोर मनोरा दिसला. समुद्राकडे पाहावं तर रोज काहीतरी वर चढत असे, क्रेनचा दांडा आभाळात. आणि आपलं देऊळ हे असं बसकं, मंगलोरी कौलांचं, लांबून गोदामासारखं दिसणारं. वर घंटा हवी, तिच्यावर क्रूस हवा, रेल्वेतून दिसला पाहिजे. वखारवाल्यांना कल्पना पसंत पडली. मनोऱ्याचं सगळं सागवान ते देणार, आणि पायथ्याला त्यांच्या वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी. गुरुजींना घंटा हवी होती, कारण शाळेची घंटा फुटली होती आणि एकाच घंटेत दोन्ही कामं होतील असा त्यांचा डाव होता.

आम्ही चौघं म्हणजेच बांधकाम कमिटी, आराखड्यावर चौघांच्याही सह्या लागणार होत्या. बैठकीत आम्ही तिघं मनोऱ्याच्या बाजूने. बाई छत्री मांडीवर आडवी घेऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आपल्या मंडळीतलं कोण येत नाय?"

"म्हणजे?" मी म्हटलं.

"येणाऱ्यांचं देऊळ हायच. न येणाऱ्यांचं काय ते बघायचं ना? पेशंट न बघता औषध कसं लिहिता तुमी?"

गुरुजी म्हणाले, "न येणारे श्रद्धेत कमी पडतात, बाई. त्याला इमारत काय करणार?"

"उद्यापासून पाळकसाहेब माझ्याबरोबर फिरतील," बाई म्हणाल्या. मला कोणी विचारलं नाही.

मी फिरलो. पण त्याआधी एक गोष्ट केली. वीजकेंद्राच्या कामावर साताऱ्याचा एक ड्राफ्ट्समन होता. त्याच्याकडून मनोऱ्याचा सुरेख निळा नकाशा काढून घेतला आणि गुपचूप मंडळाकडे पोस्टाने पाठवून दिला. बाईंची सही घेतली नाही. मनाशी म्हटलं, फिरून काय निघणार आहे?

तीन आठवडे आम्ही फिरत होतो. बाई पुढे, मी मागे. ओट्यावर बसायचं, आधी सगळ्यांच्या तब्येती विचारायच्या, कोणाची तरी जीभ बघायची, मग सहज विचारायचं, देवळात का येत नाय रे? एक म्हातारा होता, ताडावरून पडून कंबर मोडलेला. आमच्या देवळाचं जोतं छातीएवढं उंच. ज्या परदेशी साहेबाने ते बांधलं त्याला सापांची फार भीती, म्हणून त्याने सात पायऱ्या चढवून दार काढलं होतं. साप काय, माणसंही चढेनात. म्हाताऱ्याचे मुलगे त्याला उचलून न्यायला तयार होते. तो म्हणाला, "देवाच्या दारी मी गोणीवानी जाऊ? चालत गेलो असतो तर गेलो असतो."

एक जुळ्यांची आई होती. तिची पोरं एकदा उपासनेत रडली, तेव्हा गुरुजींनी मान वळवून पाहिलं होतं. एवढंच. बोलले नव्हते काही. ती पुन्हा आली नाही. "मास्तरांच्या नजरेनं माझं दूध आटलं," ती म्हणाली. बाईंनी हे वाक्य गुरुजींना जसंच्या तसं कळवलं.

परत येताना एके दिवशी शेताच्या बांधावर बाई थांबल्या. "तुमची बायको गेले दोन महिने येत नाय. का?"

ती गरोदर होती, सातवा महिना. मी म्हटलं, "अशा दिवसांत चारचौघांत यायला संकोच वाटत असेल."

"असेल? इचारलं नाय?"

मी तीन आठवडे दारोदार फिरून परक्या माणसांना विचारत होतो. घरी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं. बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, मागे चौथ्या पायरीवर मला घेरी आली. कठडा नाही, धरणार काय? आणि दोन तास बसवत नाही मला. नर्सबाईंनी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं ते माझंच होतं. मीच त्यांना म्हटलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मनोऱ्याबद्दल सांगत होतात," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी बाईंनी आपला नकाशा काढला. कागदावर नाही. देवळाभोवतीच्या अंगणात, चुन्याच्या फक्कीने, दोरी आणि शिंप्याची फीत धरून. तिन्ही बाजूंनी रुंद पडवी, तान्ह्या पोरांच्या आयांना बसायला. पायऱ्यांच्या जागी लांब उतार आणि कठडा. चिंचेपलीकडे दोन संडास, भिंतीच्या आत. विहिरीला कट्टा. आणि मागच्या बाजूला एक चौकोन, त्यात काहीच लिहिलेलं नाही.

"ह्यात काय?" गुरुजींनी विचारलं.

"काय नाय."

"मग बांधायचा कशाला?"

"त्या पत्रात उद्याचं इचारलंय ना? उद्या काय लागेल ते तुमाला ठावं हाय? मला नाय. म्हणून रिकामी खोली. सगळं आपणच आज ठरवून टाकलं तर देवानं काय नुसतं सही करायची?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. उपासनेला अजून अर्धा तास होता, उन्हात लोक जमत होते. बाईंनी मला दोन मोठे पेले कोकम सरबत पाजलं. मला वाटलं, प्रेमाने. मग झोळीतून जुनं पातळ काढलं, त्यात दोन पायली तांदूळ बांधले आणि ते गाठोडं माझ्या पोटावर घट्ट आवळलं. झग्याच्या आतून. जुळ्यांपैकी एक पोर माझ्या कडेवर दिलं.

"चढा," त्या म्हणाल्या.

मंडळी दोन्ही बाजूंना उभी होती. आधी सगळे हसत होते. मी दोन पायऱ्या सहज चढलो. तिसरीवर पायच दिसेना, पोट मध्ये आलं. चौथीवर तोल गेला आणि हाताने काहीतरी धरायला गेलो तर हवा. पाचवीवर त्या पोराने माझ्या अंगावर आपलं काम उरकलं. सहावी मी कशी चढलो ते आठवत नाही. वर पोचलो आणि वळून पाहिलं तर पुरुषांची बाजू अजून हसत होती. बायकांच्या बाजूचं हसणं थांबलं होतं. माझी बायको खालच्या पायरीशी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला त्या वेळी नीट वाचता आलं नाही.

"गाठोडं सोडायचं नाय," बाई खालून म्हणाल्या. "उपासना घ्या."

उपासना घेतली. शास्त्रपाठापर्यंत ठीक होतं. उपदेशाच्या सुरुवातीला मला कोकम सरबताची आठवण झाली. पोटावर दोन पायली तांदूळ, त्याखाली दोन पेले सरबत. विषय काय होता, देव जाणे. मी बारा मिनिटांत संपवला. दोन गीतं गाळली. घाईघाईने हात वर केला, आशीर्वाद दिला आणि बाजूच्या दाराने बाहेर पडलो. चिंचेकडे धावलो तर झाडाखाली छत्री उघडून बाई बसलेल्या. शेजारी पाच-सहा बायका.

"आज हितं बाया बसल्यात," बाई म्हणाल्या. "आज आशीर्वाद लवकर झाला, नाय?"

मी झगा वर धरून घरापर्यंत पळत गेलो. रस्त्यात दोन कोळणी मासळीच्या पाट्या घेऊन बाजाराला चालल्या होत्या. त्यांनी मला वाट दिली. पुढे कित्येक महिने त्या मला पाहिलं की तोंडाला पदर लावीत.

त्याच आठवड्यात मंडळाचं उत्तर आलं. मनोऱ्याचा नकाशा त्यांना फार आवडला होता. मंजुरी होती. माझ्या दूरदृष्टीचं कौतुक होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या दूरदृष्टीचं कौतुक केलं आणि मला ते पत्र चुलीत घालावंसं वाटत होतं.

दोन दिवस मी ते खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी बाईंच्या अंगणात जाऊन सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता माझ्या जन्माचाही उद्धार होईल. त्या बोंबील निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"माझी सही नाय घेतलीत?"

"नाही."

"का?"

"तुम्ही दिली नसतीत."

"हे बरोबर," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मीही एकदा एक चूक लपवली होती. बावीस वर्षांची होते. ती बाय मेली." हातातला बोंबील त्यांनी बाजूला ठेवला. "तुमच्यात अजून कोण मेलं नाय. उद्याच्या टपालानं दुसरं पत्र टाका. नि आत्ता माझ्याबरोबर वखारीत चला."

त्या बाईबद्दल त्या पुढे कधी बोलल्या नाहीत. 

वखारीत करवत चालू होती. वखारवाल्यांनी ऐकून घेतलं आणि तांबडेलाल झाले. मंजुरी आलेली असताना पाळकाने शब्द फिरवावा? "मी बापाच्या नावानं लाकूड देणार होतो! आता त्यांच्या नावाची पाटी कुठं लावू? संडासावर?"

"लाव की," बाई म्हणाल्या. "रोज माणसं आठवण काढतील."

ते आम्हाला हाकलून देणार, एवढ्यात वखारीमागच्या घरातून त्यांची आई भिंतीला धरत धरत बाहेर आली. तिला मी सव्वा वर्षात देवळात पाहिलं नव्हतं. प्रकृती बरी नसते, असं वखारवाले सांगत. प्रकृतीला काही झालं नव्हतं, गुडघे गेले होते.

"कसली पाटी रे?" तिने विचारलं.

मुलाने सांगितलं. मनोरा, उंची, सागवान, संगमरवर, बाबांचं नाव.

म्हातारी म्हणाली, "मनोऱ्यावर? तुझ्या बापाला माळ्यावर चढ म्हटलं तरी घाम फुटायचा. कौलं शाकारायला जन्मभर माणूस लावला त्यानं. मेल्यावर त्याला वर चढवतोस?" मग बाईंना म्हणाली, "पडवी करताय म्हणतात?"

"तिन्ही बाजूंनी."

"तिथं लाव नाव. पडवीत बसला असता तो. बिडी ओढत." आणि जाता जाता, "मलाही येता येईल."

 पुढच्या आठवड्यात लाकडाची पहिली गाडी देवळाच्या अंगणात येऊन उभी राहिली. वखारवाल्यांनी ती स्वतः उतरवून घेतली.

मंडळाने माझ्यावर 'अस्थिर स्वभावाचा' असा शेरा मारला आणि बऱ्याच खळखळीनंतर दुसरा आराखडा मान्य केला. काम सुरू असतानाच आमची मुलगी झाली. बाईंनीच केलं बाळंतपण. मी दारात घुटमळत होतो, तर मला म्हणाल्या, "बाहेर व्हा. तुमचं काम नऊ महिन्यांमागं संपलं."

उद्घाटनाला मंडळाचे साहेब आले. दाराला लाल फीत बांधली होती. गुरुजींनी स्वागताचं भाषण पाठ केलं होतं. बाई कुठे दिसेनात म्हणून शोधलं, तर त्या चिंचेपलीकडून पदर सावरत येत होत्या. "तुमी दार उघडा," त्या साहेबांना म्हणाल्या. "बाकीचं उघडून आले मी."

रिकाम्या खोलीवरून गुरुजी आणि बाई यांचं भांडण वर्षभर चाललं. गुरुजी तिथे शाळेच्या जुन्या नकाशांची पेटी ठेवायला बघत आणि बाई ती उचलून पडवीत आणून ठेवत. मग एका रविवारी दुपारी वीजकेंद्राच्या कामावरचे सात-आठ जण आले. तमिळ होते. सगळ्यांच्या पुढे होता तो वेल्डर, त्याला थोडी हिंदी येत होती. "पादरीजी," तो म्हणाला, "हमको अपनी भाषा में प्रार्थना करना है। कोई जगह मिलेगा?"

गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, एकदा दुसरी भाषा शिरली की मंडळी फुटते. आणि ते काय म्हणतात ते आपल्याला कळणार कसं?

बाईंनी ऐकलंच. "गुरुजी, देव काय तुमच्या शाळेत शिकला? त्याला मराठी तरी कुठं येत होती? आपणच शिकवलं." आणि कमरेची किल्ली काढून वेल्डरच्या हातात दिली.

रविवारी दुपारी ते लोक इतक्या मोठ्याने गात की शेजारच्या आळीतली म्हातारी माणसं झोपेतून उठत. तक्रार घेऊन आलेल्यांपैकी दोघंतिघं पडवीत बसून ऐकायला लागली. कोळणी बाजारातून येताना पाट्या पडवीत टेकवून पाणी पीत. गुरुजी नाकाला रुमाल लावत. पण जुळी पोरं रडली तरी आता मान वळवत नसत. एकदा तर त्यातल्या एकाला मांडीवर घेऊन बसलेले मी पाहिलं. मला पाहून त्यांनी ते पोर असं झटकन खाली ठेवलं, जणू चोरीचं होतं.

चार वर्षांनी माझी बदली झाली. बाई बोईसर स्टेशनवर आल्या, छत्री घेऊन. गाडी यायला वेळ होता. त्यांनी माझ्या मुलीची जीभ बघितली, बायकोच्या हातात सुक्या बोंबलांचं मोठं पुडकं दिलं. गाड्या बदलल्या तरी आमचा डबा थेट नगरपर्यंत घमघमत राहिला आणि आमच्या बाकावर दुसरं कोणी बसलं नाही. मी काहीतरी बोलावं म्हणून बोलायला लागलो, आभार वगैरे. बाईंनी छातीवरचं घड्याळ उचलून पाहिलं आणि मी थांबलो.

"नव्या गावात आधी न येणारे बघा," त्या म्हणाल्या. "येणारे काय, येतातच."

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता गुरुजींचं कार्ड आलं. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर सरकारी. बाई गेल्या होत्या. दोन दिवसांच्या तापाने, फारसा त्रास न होता. मातीच्या दिवशी सकाळपासून लोक येऊ लागले, असं त्यांनी लिहिलं होतं. एडवणहून कोळी आले, ते होड्या काढूनच. वाणगावहून बैलगाड्या आल्या. वीजकेंद्राच्या कामावरची माणसं पाळी सोडून आली, त्यांत आपले थोडे, हिंदूच जास्त. कंबर मोडलेला म्हातारा बाजेवर आला आणि वखारवाल्यांची आई उतारावरून चालत. ज्यांना बाईंनी जन्माला घातलं ते आले, आणि त्यांची पोरं आली. देवळात जागा होईना, पडवीत होईना, मागच्या खोलीतही होईना. शेवटी वखारवाल्यांनी आणि तमिळ वेल्डरने शवपेटी उचलून बाहेर आणली आणि अंगणातल्या मातीवर ठेवली. मग आत होते तेही बाहेर आले. उपासना उन्हात झाली. देवळात एकही माणूस नव्हता.

कार्डाच्या तळाशी, पत्ता लिहायच्या जागेपर्यंत ओळ वाकडी करत करत नेऊन, गुरुजींनी लिहिलं होतं:

"बांधकाम कमिटीचा अंदाज साफ चुकला, हे आपणास कळवणे मी माझे कर्तव्य समजतो."